कणकुंबीचा डबा कोरडा का राहिला?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे उत्तर भलत्या दिशेला जाणार नाही. तुम्ही आणि तुमच्या बारावीच्या वर्गातील दोघांनी बेळगाव जिल्ह्यात मलप्रभेच्या उगमापासून खानापूरपर्यंत हवेचे तापमान, आर्द्रता, पाऊस आणि मातीतील ओल मोजण्यासाठी तीन केंद्रे उभारली: एक कणकुंबीला ओळखीच्या घराच्या परसात फणसाखाली, दुसरे जांबोटीजवळ शेताच्या बांधावर आणि तिसरे खानापुरात घराच्या गच्चीवर. तिन्ही ठिकाणी आयपी६७ (पाणी व धूळ रोखण्याची प्रतवारी) असा शिक्का असलेले, साधारण दोन लिटरचे करडे डबे वापरले आणि प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरून काढला. आषाढातली झड तिन्ही केंद्रांनी सोसली. श्रावण लागल्यावर मात्र आधी गच्चीवरचे आणि आठवड्याभरात बांधावरचे केंद्र बंद पडले, आणि उघडून पाहिले तेव्हा दोन्ही डब्यांच्या तळाशी बोटभर पाणी होते. सर्वांत जास्त पाऊस जिथे झाला ते कणकुंबीचे केंद्र अजून चालू आहे. याहून चांगला डबा कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारता.

डब्याविषयी पुढे लिहितोच, पण खरा प्रश्न डब्याचा नाही. पाणी बाहेरच्या पावसाच्या जोराने आत शिरले असते, तर कणकुंबीचा डबा सर्वांत आधी भरायला हवा होता. तो कोरडा राहिला आणि कमी पावसाचे दोन डबे भरले, तेही आषाढात नव्हे तर ऊन-पावसाच्या श्रावणात, ही तुमच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची नोंद आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांची मोजमापाची यंत्रे दुरुस्त करण्यात आणि पुढे उसाच्या व भाताच्या शेतांत संवेदक (सेन्सर) बसवण्यात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या अनुभवातून सांगतो की उघड्यावरचा डबा पावसाने जेवढा मरतो त्याहून जास्त उन्हाने मरतो.

कारण असे. बंद डब्यातील हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि थंड झाली की कमी होतो. करडा डबा भर उन्हात आतून सहज ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यावर अचानक सर आली की काही मिनिटांत तो २२ अंशांपर्यंत उतरतो. एवढ्या फरकाने आतला दाब जवळजवळ ९ टक्के घटतो; आपल्याकडच्या उंचीवर हा फरक सुमारे ८० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका होतो. म्हणजे डबा अंगणात टांगलेला असला, तरी त्याच्या सांध्यांना तो पाऊण मीटरहून खोल विहिरीत बुडवल्यासारखे वाटते. आयपी६७ची चाचणी काय असते, तर डबा १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे ठेवायचा, आणि तोही नवा कोरा, भोके न पाडलेला, पाण्याच्या आणि त्याच्या तापमानात फारसा फरक नसताना. तुमच्या गच्चीवर ऊन-पाऊस जवळपास तशीच चाचणी रोज दोन-तीनदा घेत होता, आणि ज्या क्षणी आतली हवा ओढ घेत होती नेमक्या त्याच क्षणी झाकणाच्या सांध्यावर पाण्याचा थर होता. सांध्यात केसाएवढी फट असली तरी त्या ओढीने हवेऐवजी पाणी आत येते. पुढे ऊन पडले की आतली हवा प्रसरण पावून त्याच फटीतून बाहेर जाते, पण तळाशी साठलेले पाणी काही वर चढून बाहेर जात नाही. तुम्ही नकळत उन्हावर चालणारा, एकाच दिशेने पाणी ओढणारा पंप तयार केला होता.

ही केवळ आतली वाफ थंड होऊन पाणी झाल्याची गोष्ट आहे, असे तुमच्या एका मित्राचे म्हणणे तुम्ही लिहिले आहे. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २५ अंशांना पूर्ण दमट हवेच्या १ लिटरमध्ये सुमारे २३ मिलिग्रॅम पाणी असते, म्हणजे अर्धा थेंबसुद्धा नाही. दोन लिटरच्या डब्यातली सगळी वाफ पाणी झाली तरी एक थेंब भरेल. बोटभर पाणी त्यातून येणे शक्यच नाही. वाफेमुळे झाकणाला आतून घाम येतो आणि तोही आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला घातक आहे, पण तुमच्या डब्यांत पाणी बाहेरूनच ओढले गेले आहे.

आणि कणकुंबी? तिथे फणसाची सावली, वर ढगांचे छत, आणि रात्रंदिवस एकसारखी झड. डब्याचे तापमान दिवसभरात चार-पाच अंशांनी हलले असेल. त्यामुळे दाब दीड-दोन टक्क्यांपलीकडे बदलला नाही आणि डब्याला दीर्घ श्वास घेण्याची वेळच आली नाही. आषाढात बाकीचे दोन डबे का टिकले, त्याचे उत्तरही हेच.

याच चुकीपायी माझी स्वतःची एक पूर्ण वर्षाची मेहनत वाया गेली होती. चोर्ल्याच्या वाटेवर एका बागेत मी पाच केंद्रे बसवली होती, आणि प्रत्येक डबा इतका गच्च बंद केला होता की तो उघडताना झाकण तडकावे. पहिल्याच वर्षी पाचांपैकी तीन भरले. एका डब्यात तर बॅटरी अर्धी बुडून बोर्डाच्या तांब्यावर हिरवी शेवाळासारखी बुरशी चढली होती. चौथा डबा मात्र खडखडीत कोरडा होता, आणि मी त्याचे श्रेय माझ्या सिलिकॉनला देऊन मोकळा होणार होतो. नीट पाहिले तेव्हा तळाशी एका स्क्रूचे भोक बुजवायचे राहून गेल्याचे दिसले. हलगर्जीपणाने राहिलेल्या त्या भोकाने त्याला वाचवले होते. हे मान्य करायला मला आणखी एक पावसाळा लागला, कारण पाण्यापासून वाचवायच्या डब्याला मुद्दाम भोक पाडणे मनाला पटत नाही.

आपल्याकडे ते पटायला हरकत नसावी. रोप लावणीच्या वेळी बायका बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले पाठीवर घेत, ते खालून पूर्ण उघडे असे, तरी पाठ भिजत नसे. आता प्लास्टिकची खोळ आली. तिच्यात माणूस पावसाने भिजला नाही तरी घामाने भिजतोच. तुमचा डबा म्हणजे प्लास्टिकची खोळ आहे, त्याचे इरले करायचे आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मात्र यातले बरेचसे जागेवर अवलंबून आहे. डबा जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर असेल आणि पूर येण्याची शक्यता नसेल, तर तळाच्या बाजूला, सर्वांत खालच्या कोपऱ्यात ४-५ मिलिमीटरची दोन भोके पाडावीत आणि आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी एपॉक्सीने चिकटवावी. जाळी विसरू नये. आपल्याकडे कुंभारीण माशी असे भोक दिसले की दोन दिवसांत मातीने लिंपून टाकते, मुंग्या उबेला येतात, आणि एका डब्यात मला पालीची अंडीही सापडली आहेत. डबा ओढ्याच्या काठी किंवा जमिनीलगत असेल, चिखलाचे शिंतोडे उडत असतील, तर साध्या भोकाऐवजी हवा सोडणारा पण पाणी अडवणारा पडदा असलेला श्वासमार्ग मिळतो. तो १२ मिलिमीटरच्या ग्लँडसारखा (केबल डब्यात घेण्याच्या रबरी बुचासारखा) स्क्रूने बसतो. तो थोडा महाग पडतो, पण ओढ्याकाठी त्याला पर्याय नाही. तो तळालाच बसवावा आणि त्यावर रंग किंवा सिलिकॉन लागू देऊ नये, नाहीतर पडदा बुजतो.

श्वास मोकळा केला की पुढचा उपाय म्हणजे मुळात श्वास लहान करणे. डब्याच्या वर दोन-तीन बोटांचे अंतर सोडून दुसरे छप्पर द्यावे. पांढरा रंग दिलेला पत्रा चालतो. मी बऱ्याच ठिकाणी पांढरी प्लास्टिकची बादली कापून उपडी घातली आहे. मधून वारा खेळला पाहिजे, एवढीच अट. आतले तापमान ५० ऐवजी ३५ अंशांवर थांबले, तर सर आल्यावर होणारी दाबाची घट निम्म्याहून कमी होते, आणि बॅटरीचे आयुष्यही वाढते. वापरातल्या साध्या लिथियम-आयन बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बनवणारेच सांगतात. उन्हात तापलेल्या करड्या डब्यात सौर पॅनेल नेमके तेच करत असते.

इथे एक निवड स्पष्टपणे करावी लागते, आणि बहुतेक जण ती न करता दोन्ही दगडांवर पाय ठेवतात. एक तर डबा खरोखर हवाबंद ठेवा आणि आत ओल शोषणारे सिलिका जेल घाला, किंवा डबा खालून मोकळा ठेवा आणि बोर्डालाच दमटपणा सोसण्याजोगा करा. मोकळ्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवण्यात अर्थ नाही; ती आपल्या पावसाळ्यात काही दिवसांतच भरून जाते आणि नंतर नुसती जागा अडवते. हवाबंद डबा मी फक्त तेव्हाच निवडतो जेव्हा तो सावलीत असतो, त्यातून एकही वायर बाहेर जात नाही आणि महिन्याकाठी जेल बदलायला कोणीतरी जाणार असते. तुमच्या तिन्ही केंद्रांना बाहेर जाणाऱ्या वायरी आहेत, म्हणून माझे मत निःसंशय मोकळ्या डब्याच्या बाजूने आहे. सगळा बोर्ड एपॉक्सीत ओतून टाकण्याचा तिसरा मार्गही आहे. पण त्यात चूक दुरुस्त करता येत नाही, आणि बॅटरी तर कधीही ओतू नये. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात, जिथे बोर्ड दहा वेळा उघडावा लागतो, तिथे मी तो सुचवत नाही.

मोकळ्या डब्यात बाहेरच्याइतकाच दमटपणा आत येणार, हे गृहीत धरून बोर्ड तयार करावा लागतो. सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेला आणि बोर्डावर राहिलेला फ्लक्स हा इथला छुपा शत्रू आहे. तो दमट हवेत ओलावा धरतो, आणि वीज चालू असलेल्या सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मध्ये त्या ओलाव्यातून धातूचे बारीक तंतू वाढून शॉर्ट होतो. तेव्हा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून धुवावा, पंख्याखाली पूर्ण वाळवावा, आणि मग विद्युतरोधक वार्निशचे दोन पातळ थर द्यावेत. ॲक्रिलिकचा फवारा मिळाला तर उत्तम, नाहीतर पारदर्शक नेलपॉलिशनेही शाळेच्या प्रकल्पाचे एक-दोन पावसाळे निघतात. आर्द्रतेच्या संवेदकाचे तोंड, मेमरी कार्डाची खाच आणि जोडणीच्या पिना यांवर मात्र थेंबही जाऊ देऊ नये; आधी तिथे कागदी चिकटपट्टी लावावी.

तुम्ही पाठवलेल्या डब्याच्या छायाचित्रात मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली सिलिकॉनची. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा झणझणीत वास येतो, ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते, आणि बंद डब्यात ते आम्ल तांब्याला खाते. काच आणि मत्स्यपेटीसाठी बाजारात मिळणारे बहुतेक सिलिकॉन याच जातीचे असते. इलेक्ट्रॉनिक्सजवळ वापरायचे असेल तर नळीवर न्यूट्रल असे लिहिलेले, वास नसलेले घ्यावे. शिवाय झाकणाच्या रबरी पट्टीवर सिलिकॉन थापू नये. एकदा झाकण उघडले की ती पट्टी पुन्हा कधीच सपाट बसत नाही. ग्लू गनच्या गोंदाविषयी एकच सांगतो: तो टेबलावर धरतो, उन्हात सोडतो.

दुसरी गोष्ट वायरींची, आणि इथे थोडा थांबतो, कारण माझ्या मते निम्मे डबे इथेच हरतात. तुम्ही एकाच ग्लँडमधून तीन सुट्या वायरी आणि एक चपटी रिबन केबल घातली आहे. ग्लँडमधले रबर गोल केबलीभोवती आवळण्यासाठी केलेले असते. पीजी७ मापाचा ग्लँड साधारण ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीची एक गोल केबल धरतो. तीन वायरींच्या मधली त्रिकोणी फट तो बुजवू शकत नाही. तेव्हा एका ग्लँडमधून एकच गोल, वेष्टन असलेली केबल घ्यावी, आणि सर्व ग्लँड डब्याच्या तळालाच असावेत. केबल डब्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी डब्यात न जाता झोलाच्या सर्वांत खालच्या टोकावरून गळून पडते. कौलारू घराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब का पडतात हे पाहिलेल्या माणसाला यापेक्षा अधिक सांगायला नको.

पण केबलीच्या आतूनही पाणी येते, हे मला फार उशिरा कळले. एका केंद्रात डबा कोरडा, ग्लँड कोरडे, झाकण कोरडे, आणि बोर्डावरचा फक्त एक टर्मिनल हिरवा पडून गळून गेलेला. आठवडाभर मी बोर्डालाच दोष देत होतो. शेवटी केबल सोलून पाहिली, तेव्हा दोन मीटर लांब केबलीच्या आत, तांब्याच्या तारा आणि वेष्टन यांच्या मधल्या पोकळीत, टोकापासून टोकापर्यंत ओल होती. मातीत पुरलेल्या टोकाला वेष्टन चिरलेले होते. तिथून पाणी वातीतून तेल चढावे तसे चढले होते, आणि वर डब्याची ओढ मदतीला होतीच. तेव्हापासून मी केबलीचे बाहेरचे प्रत्येक टोक आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आकसणाऱ्या हीट-श्रिंक नळीने बंद करतो आणि डब्यात शिरल्यावर केबलीला पुन्हा एक खालचा झोल देऊन मगच टर्मिनलवर चढवतो.

संवेदकांविषयी प्रत्येकाचे वेगळे आहे. तापमानासाठी तुम्ही घेतलेला स्टीलच्या नळीतला डीएस१८बी२० चांगला आहे; त्याच्या डेटा वायरीला ४.७ किलोओहमचा रोध विसरू नका. नोंदीत अधूनमधून नेमके ८५ अंश दिसले तर ते तापमान नव्हे, वीज गेल्या-आल्याची किंवा मोजणी पूर्ण होण्याआधी वाचल्याची खूण आहे. उणे १२७ दिसले तर वायर सुटली आहे. अशा नोंदी सरासरीत जाऊ देऊ नयेत. आर्द्रतेचा संवेदक डब्यात ठेवून उपयोग नाही, तो बाहेर, उन्हापासून आणि पावसापासून झाकलेल्या पण वाऱ्याला खुल्या जागी हवा. वेधशाळेतील पांढऱ्या झडपांची पेटी तुम्ही पाहिली असेल; दीपगृहे बांधणारे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ती योजली. कुंडीखालच्या सहा-सात पांढऱ्या बशा मध्ये अंतर ठेवून उपड्या रचल्या आणि वरची सोडून बाकीच्यांना मधोमध भोक पाडले, की तीच कल्पना घरच्या घरी साधते. झडीत आठ-आठ दिवस १०० टक्के आर्द्रतेत राहिल्यावर असे संवेदक जास्त आकडा दाखवू लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्यांची परीक्षा घ्यावी: बरणीत मिठाचा ओला गारा करून, त्याला स्पर्श होणार नाही असा संवेदक वर टांगावा आणि बरणी बंद करून रात्रभर ठेवावी, सकाळी त्याने ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवले पाहिजे. तापमानाची परीक्षा वितळत्या बर्फाच्या चुऱ्यात घ्यावी. उकळत्या पाण्यात १०० अंश पाहण्याचा मोह टाळावा, कारण आपल्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते.

मातीत खुपसण्याच्या काळ्या पट्टीच्या संवेदकाच्या कडा कापलेल्या आणि उघड्या असतात. तिथून पाणी शिरून पट्टी फुगते. कडांना आणि वरच्या इलेक्ट्रॉनिक भागाला एपॉक्सी लावूनच तो पुरावा, आणि त्याचे आकडे जिथे पुरायचा त्याच मातीत, कोरडी व ओली माती वजन करून, जुळवून घ्यावेत. खानापूरच्या तांबड्या मातीचे प्रमाण अथणीच्या काळ्या मातीला लागू पडत नाही. पर्जन्यमापकाची शिंपली ०.२ मिलिमीटरला एकदा उलटते असे गृहीत असले, तरी मुसळधार सरीत ती उलटत असतानाच पाणी वाया जाते आणि मोजणी कमी भरते. शेजारी साधा हाताचा पर्जन्यमापक ठेवून हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता वाचला, तर ही तूट किती ते कळते. फणसाखाली ठेवलेला पर्जन्यमापक मात्र पाऊस मोजत नाही, पानांवरून गळणारे पाणी मोजतो. कणकुंबीचा डबा सावलीत राहू द्या आणि पर्जन्यमापक उघड्यावर हलवा.

विजेविषयी थोडक्यात. केंद्र चालवणारी ईएसपी३२ची चिप झोपेत नगण्य वीज घेते, पण तिच्या डेव्हलपमेंट बोर्डावरचा व्होल्टेज नियंत्रक आणि यूएसबीची चिप जागेच राहतात. सरासरी १० मिलिॲम्पिअर धरले तरी २५०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत संपते, आणि कणकुंबीला जुलैत दहा दिवस नीट ऊन पडेलच असे नाही. बोर्डाची झोपेतली वीज आधी मल्टिमीटरने मोजा, मगच पॅनेलचा आकार ठरवा.

नवीन डबे बसवण्यापूर्वी घरी एक परीक्षा अवश्य घ्यावी. बोर्ड न घालता, सर्व ग्लँड आणि केबली बसवून, आत टिपकागदावर शाईच्या पेनाने दोन-चार रेषा मारून ठेवा. डबा सराफाच्या काट्यावर किंवा तशाच नाजूक वजनकाट्यावर तोलून घ्या, तासभर भर उन्हात तापवा, आणि मग झारीने किंवा शॉवरने त्यावर दहा मिनिटे गार पाणी सोडा. बाहेरून पुसून पुन्हा तोला. हे पाच-सहा वेळा करा. वजन वाढले किंवा शाई पसरली, तर पाणी कुठून आले ते रेषांच्या जागेवरून समजते. नुसता बादलीत बुडवून पाहिलेला गार डबा काहीच सिद्ध करत नाही. ऊन हाच या परीक्षेचा गाभा आहे. शक्य असल्यास डब्याच्या आतही एक स्वस्त आर्द्रता संवेदक ठेवा आणि त्याची नोंद बाकीच्या नोंदींबरोबर साठवा. केंद्र बंद पडण्याच्या कितीतरी आधी तो इशारा देतो. शिवाय अहवाल लिहिताना कोणत्या तारखेपासूनचे आकडे शंकास्पद धरावेत, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने सांगता येते.

बुडालेले दोन बोर्ड फेकू नका. बॅटरी आधी काढा आणि ती पुन्हा वापरू नका. बोर्ड अल्कोहोलने धुऊन दोन दिवस वाळवा, हिरवट झालेले टाके पुन्हा सोल्डर करा, आणि बाकी सर्व चाचण्या मल्टिमीटरने झाल्यावरच वीज द्या. माझ्या अनुभवात असे बरेच बोर्ड जगतात, पण त्यांना दुर्गम केंद्रावर न पाठवता घराजवळच्या केंद्रावर ठेवावे.

आणि कणकुंबीच्या डब्याला अद्याप हात लावू नका. तो उतरवाल तेव्हा न हलवता, न तिरका करता आधी तोला, आणि मग झाकण उघडण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्या. माझा अंदाज खरा असेल, तर आत फार तर झाकणाला घाम असेल. पण तिथेही बोटभर पाणी निघाले, तर मी वर लिहिलेल्यातले बरेच चुकले आहे असे समजा, आणि पाण्याची पातळी ग्लँडच्या वर होती की खाली एवढे मला आवर्जून कळवा.